स्नोबोर्डला बाइंडिंग्ज बसवली, पण काहीतरी तिरपागडं झालंय

शिंतोडे (गुरुवार, रात्री ९:४८)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे. शनिवारी सकाळी सिएटलजवळच्या बर्फाच्या उतारांवर, स्नोक्वाल्मीला, जायचं ठरलंय.

मी मूळची कोल्हापूरची, आता सिएटलजवळ रेडमंडला. गेले दोन हिवाळे भाड्याचा बोर्ड घेऊन पडत-उठत शिकतेय. हिरव्या (सगळ्यात सोप्या) उतारावरून न पडता खाली येते, निळ्यावर (मध्यम) अजून अंबाबाईचं नाव घेत. ऑफिसातल्या एकाने त्याचा जुना १४९ सेंमीचा बोर्ड १२० डॉलरला दिला. बाइंडिंग्ज (बूट बोर्डाला धरून ठेवणारे पट्ट्यांचे साचे) वेगळी घेतली, तीही वापरलेली. भाड्याच्या दुकानात सगळं लावून हातात देतात, आपण फक्त 'डावा पाय पुढे' एवढं सांगायचं. त्यामुळे स्क्रू कुठे जातात हे आजवर कधी बघितलंच नव्हतं.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर बोर्ड आडवा टाकून मी आणि नवऱ्याने बसवायला घेतलं. बाइंडिंगच्या मधोमध गोल चकती, तिच्यात चार लांबट भोकं, चार स्क्रू. घरातल्या स्टार स्क्रूड्रायव्हरने आवळले. दोन स्क्रूंची डोकी आवळतानाच झिजायला लागली. बूट घालून पाहिले तर टाच बोर्डाच्या कडेबाहेर पावणेतीन सेंमी आणि बोटं कडेच्या आत अर्धा सेंमी. दोन पायांत अंतर ५६ सेंमी आलंय, कारण नवऱ्याचं म्हणणं, पाय फाकवून उभं राहिलं की पडायला होत नाही. (तो स्वतः बोर्डावर कधी चढलेला नाही.) कोन (पाय बोर्डावर आडव्या रेषेपासून किती अंश वळलाय तो; उणे म्हणजे मागच्या टोकाकडे) पुढच्या पायाचा १५, मागच्याचा उणे १५.

फोटो टाकलाय. काय चुकलंय?

खटपट्या (गुरुवार, रात्री १०:२०)

फोटो मोठा करून बघितला. शिंतोडेताई, आधी मोठी गंमत: डावं बाइंडिंग उजवीकडे आणि उजवं डावीकडे गेलंय. घोट्याच्या पट्ट्याचं बकल पायाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवं. तुमची दोन्ही बकलं एकमेकांकडे तोंड करून गप्पा मारतायत. तळाला कुठेतरी एल आणि आर लिहिलेलं असेल, बघा.

आता स्क्रू. तुमच्या हातातला स्टार बहुधा दोन नंबरचा आहे, घरोघरी तोच असतो. बाइंडिंगचे स्क्रू एम-६ जाडीचे, त्यांना तीन नंबरचा, जाड टोकाचा स्टार लागतो. दोन नंबरचा बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की उसळी मारून वर येतो आणि खाच खातो. आज रात्री आणखी काही आवळू नका. उद्या तीन नंबरचा आणा, पाच-सात डॉलरचं काम आहे.

विदर्भवीर (गुरुवार, रात्री १०:३१)

बकलं गप्पा मारतायत हे वाचून हसून हसून मेलो बे. आमच्या नागपुरात उन्हात बसून हा धागा वाचायचं सुखच वेगळं.

खटपट्या (गुरुवार, रात्री ११:०५)

मघाशी डबा भरायचा होता म्हणून अर्धवट सोडलं. खरा मुद्दा आता लिहितो.

नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो कोनाचा, आणि मग त्याच्यावर शंभर प्रतिसाद येतात. कोन हा आवडीनिवडीचा भाग आहे. टाच आणि बोटं कडेबाहेर किती येतात हा मात्र सरळ मोजमापाचा भाग आहे, आणि तोच कोणी मोजत नाही. तुम्ही मोजलात, त्याबद्दल शाबासकी.

बोर्ड वळतो तो कडेवर तोलल्यामुळे. टाचेच्या बाजूला तोल गेला की टाचेची कड बर्फात रुतते, बोटांवर गेला की बोटांची. टाच पावणेतीन सेंमी बाहेर असेल तर बोर्ड जरा जास्त कलला की कड रुतायच्या आधी बुटाची टाच बर्फाला लागते. मग कड सुटते आणि तुम्ही ढुंगणावर. उलट बोटं आत असल्यामुळे बोटांच्या कडेवर यायला दुप्पट जोर काढावा लागतो, पोटऱ्या भरून येतात. माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही.

उपाय तुमच्या चकतीतच आहे. फोटोत चकतीची लांबट भोकं बोर्डाच्या लांबीच्या दिशेने दिसतायत. तशी ठेवली तर बाइंडिंग नाकाकडे-शेपटीकडे (बोर्डाच्या पुढच्या-मागच्या टोकाकडे) थोडं सरकतं, टाच-बोटं या दिशेने तसूभरही नाही. चकती पाव फेरी फिरवा, भोकं आडवी येतील, मग सेंटिमीटरभर पुढे-मागे करता येईल. बहुतेक चकत्यांवर दोन्ही पद्धतींसाठी अंशांच्या रेघा असतात. तेवढ्याने भागलं नाही तर टाचेमागची ती धातूची कमान दोन्ही बाजूंचे स्क्रू ढिले करून एक खाच पुढे घ्या.

मोजताना बूट पूर्ण बांधून, टाच मागे ठोकून बसवायची, पट्टे आवळायचे आणि मगच पट्टी लावायची. नुसता बूट ठेवून मोजलं तर एक सेंमी इकडे-तिकडे होतंच. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे, एकेक-दीडदीड सेंमी बाहेर असलं तर उत्तम. अगदी शून्यही नको, बुटाची थोडी तरफ मिळायला हवी.

बेलापूरची_बर्फी (शुक्रवार, सकाळी ६:५०)

खटपट्या यांना +१. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अंतराबद्दल: ५६ फारच झालं. ढोबळ हिशोब म्हणजे टाचेपासून गुडघ्याच्या वाटीच्या खालपर्यंतची उंची, तेवढं अंतर एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत. माझी उंची ५ फूट २ इंच, मला ४८ जमतं. बोर्डावर कंपनीने काही भोकांपाशी वेगळी खूण केलेली असते, सुरुवात तिथून करायची आणि दोन्ही पाय सारखेच आत घ्यायचे. एकच पाय सरकवला तर वजनाचा मध्य हलतो. हे मी पहिल्या वर्षी केलं आणि अख्खा हंगाम बोर्ड 'डावीकडे ओढतो' म्हणून शिव्या घातल्या.

नवऱ्याला सांगा, पाय फाकवले की गुडघे वाकत नाहीत. कुस्तीतला पवित्रा आठवा म्हणावं. कोल्हापूरचाच ना तो?

शिंतोडे (शुक्रवार, सकाळी ७:१५)

सांगलीचा. म्हणून तर.

सगळ्यांचे आभार. एक स्क्रू अगदी गेलाय, खाच गुळगुळीत झाली. आज दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून एम-६ चे नवे आणते.

खटपट्या (शुक्रवार, सकाळी ७:२२)

थांबा थांबा! लांबी बघितल्याशिवाय आणू नका.

बोर्डात स्क्रू जातो तिथे धातूची आटे असलेली बोंडं पुरलेली असतात. ती जेमतेम बोर्डाच्या जाडीएवढी. स्क्रू दोन-चार मिलिमीटर लांब असला तर तो बोंडाच्या तळाशी टेकून खालचा तळ बाहेर ढकलतो, आणि बोर्डाच्या पोटावर फोड आल्यासारखा उंचवटा येतो. तो परत आत जात नाही. आखूड असला तर दोन-तीन आट्यांवर लोंबकळतो आणि एका उडीत आट्यांसकट निघून येतो. निदान पाचेक फेरे फिरून मग घट्ट व्हायला हवा. जुना स्क्रू खिशात घालून जा, लांबी आणि डोक्याचा आकार दोन्ही जुळवा. स्नोबोर्डच्या दुकानात गेलात तर बरेचदा सुटे स्क्रू नुसते मागून मिळतात.

झिजलेला स्क्रू काढायला रुंद रबरबँड खाचेवर ठेवा, वरून तीन नंबरचा जोरात दाबा आणि अगदी हळू फिरवा. दहापैकी सहा वेळा निघतो.

आल्प्समधला_आळशी (शुक्रवार, सकाळी ८:४०)

झुरिकहून. एवढी चर्चा झाली आणि कोनावर कोणी भांडलं नाही, हे मायबोली संकेतस्थळाला शोभत नाही, म्हणून मी सुरू करतो.

हे १५ आणि उणे १५ प्रकरण मला पटत नाही. बदकासारखं दोन्हीकडे पाय फाकवून उभं राहायचं, का तर मागचा पाय पुढे करून उलटं जाता यावं म्हणून! जी बाई अजून निळ्या उतारावर देवाचं नाव घेते तिला उलटं कुठे जायचंय? मी गेली बारा वर्षं २४ आणि ९ वर उभा राहतो, दोन्ही पाय पुढच्या दिशेने. कड अशी कापते की बर्फावर पेन्सिलने रेघ मारल्यासारखी. शर्यतीतले अल्पाइनवाले तर कडक बूट घालून दोन्ही पाय ५०-६० अंशांपर्यंत पुढे वळवतात.

अवांतर: १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलीसाठी दोन स्की एकत्र जोडून जो 'स्नर्फर' केला, त्याला बाइंडिंग नव्हतंच. नंतर नाकाला दोरी बांधली, ती धरून उभं राहायचं. कोन नाही, चकती नाही, स्क्रू नाही. सुखी होते लोक.

बेलापूरची_बर्फी (शुक्रवार, सकाळी ९:०२)

आळशीबुवा, बारा वर्षं झालेल्या माणसाचे कोन दोन वर्षं झालेलीला सांगू नयेत. पान पडणं म्हणतात तसं उतारावर डावीकडे-उजवीकडे घसरत येणं हाच नवशिक्यांचा आधार असतो, आणि त्यात मागचा पाय थोडा मागे वळलेला असला तर बरं पडतं. मी १५ आणि उणे ६ म्हणेन. १५ आणि ० लाही माझी हरकत नाही.

आल्प्समधला_आळशी (शुक्रवार, सकाळी ९:१०)

उणे ६ म्हणजे ना इकडचं ना तिकडचं.

सांधेजोड (शुक्रवार, सकाळी १०:३०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बोर्ड चालवत नाही, पण दर जानेवारीत बोर्डवाल्यांचे गुडघे माझ्याकडे येतात. तुम्ही दोघंही आकड्यांवर भांडताय. आकडा माणसाच्या खुब्यावरून ठरतो.

घरी करून बघा: अनवाणी जागच्या जागी तीन-चार उड्या मारा, शेवटची उडी डोळे मिटून. पाय जसे पडले तसेच ठेवून खाली बघा. पंजे नैसर्गिकपणे जितके बाहेर वळलेत, त्याच्या आसपास कोन असावा. मग तसंच उभं राहून अर्धं बसा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने गेला तर ठीक. आत पडत असेल तर कोन किंवा अंतर तुम्हाला जास्त होतंय. काहींचे दोन्ही पाय सारखे वळत नाहीत, तेव्हा १५ च्या समोर उणे १५ च हवं असा हट्ट नको.

विदर्भवीर (शुक्रवार, सकाळी १०:४४)

आता हॉलमध्ये डोळे मिटून उड्या मारल्या. आई विचारून राह्यली काय झालं म्हणून. डावा पाय सरळ, उजवा पार सिताबर्डीकडे.

दुबईकर_२ (शुक्रवार, सकाळी ११:१५)

आमच्याकडे मॉलमधला बर्फ. स्की दुबई २००५ पासून आहे, उन्हाळ्यात बाहेर ४२ आणि आत उणे १. तिथे भाड्याच्या बाइंडिंगचे कोन कधीच हलवलेले दिसत नाहीत. एक प्रश्न: स्क्रू सुटू नयेत म्हणून तो निळा गोंद घालतात ना, तो घातला तर चालेल का?

खटपट्या (शुक्रवार, दुपारी १२:०५)

नव्या स्क्रूंच्या आट्यांवर बऱ्याचदा निळा थर असतोच, तो पुरतो. बाटलीतला पातळ गोंद प्लास्टिकच्या चकतीला लागला तर काही प्लास्टिकं त्याने तडकतात, आणि तडा दिसतो तो उतारावर असताना. लाल तर चुकूनही नको, तो बसला की बोर्ड आणि बाइंडिंग एकत्रच म्हातारे होतात. त्यापेक्षा पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबून एकदा स्क्रू बघायचे. सगळे एकदम आवळायचे नाहीत: गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. मनगटाच्या जोराने घट्ट झाले की बस. बॅटरीवर चालणारा ड्रिल या कामाला घेऊ नका, कोणीही कितीही सांगितलं तरी.

अफरवत_रिटर्न (शुक्रवार, दुपारी २:२०)

स्क्रू बघायचे या मुद्द्यावर माझे दोन पैसे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पुण्याहून आम्ही चौघे गुलमर्गला गेलो होतो. गोंडोलाचा दुसरा टप्पा सोडतो ती जागा ३,९०० मीटरच्या वर आहे, तिथून खाली राखलेली वाट वगैरे काही नाही, सगळा मोकळा डोंगर आणि मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ. भाड्याने घेतलेल्या बोर्डावर मी सकाळी खोलीत हात फिरवला नव्हता. अर्ध्या वाटेत पुढच्या पायाची चकती चक्क हातातल्या बांगडीसारखी फिरायला लागली. चारपैकी दोन स्क्रू ढिले, एक गायब. आमच्या गाइडने खिशातून चपटा स्क्रूड्रायव्हर काढला, त्यालाच वेगवेगळी टोकं, आणि तिथेच गुडघाभर बर्फात बसून मागच्या बाइंडिंगचा एक स्क्रू काढून पुढे लावला. पुढे चार आणि मागे तीन स्क्रूंवर खाली उतरलो. तेव्हापासून तसलं हत्यार जॅकेटच्या खिशात असतंच, मोबाइल विसरला तरी चालतो.

आणि हो, तसल्या खोल बर्फासाठी दोन्ही बाइंडिंग्ज एकेक भोक मागे घ्यायची, नाक वर राहतं. मागची मांडी जळत नाही. स्नोक्वाल्मीच्या राखलेल्या उतारावर मात्र याची गरज नाही.

शिंतोडे (शुक्रवार, रात्री १०:५५)

अहवाल.

रबरबँडची युक्ती चालली, तिसऱ्या प्रयत्नात. दुकानातल्या पोराने स्क्रू फुकट दिला आणि वर 'दोन नंबरने आवळलात ना?' असं विचारलं, म्हणजे आम्ही पहिले नाही. डावं-उजवं जागेवर आलं. चकती पाव फेरी फिरवून बाइंडिंग पुढे घेतलं, कमान एक खाच पुढे. आता टाच बाहेर सव्वा सेंमी, बोटं एक सेंमी. अंतर ५६ वरून ४८, दोन्हीकडून दोन-दोन भोकं आत. कंपनीची खूण ५२ वर होती, पण बोर्ड आधी माझ्याहून बऱ्याच उंच माणसाचा होता, त्यामुळे बर्फीताईंचं ऐकलं. डोळे मिटून उड्याही मारल्या: डावा १५ च्या आसपास, उजवा जेमतेम ५. म्हणून १५ आणि उणे ६. आळशीदादा, माफी.

आल्प्समधला_आळशी (शनिवार, पहाटे ५:३०)

ना इकडचं ना तिकडचं. शुभेच्छा.

शिंतोडे (रविवार, सकाळी ९:३०)

जाऊन आले. बर्फ ओला आणि जड होता, इथले लोक त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात ते उगीच नाही. पण फरक काय सांगू! बोटांच्या कडेवरचं वळण, जे दोन वर्षं मी बोर्डाला हाताने ओढल्यासारखं घ्यायचे, ते नुसतं गुडघे पुढे दाबले आणि आलं. टाचेच्या बाजूला दोनदाच पडले, तेही लिफ्टवरून उतरताना. दोन फेऱ्यांनंतर बाजूला बसून स्क्रू तपासले, पुढच्या पायाचे दोन पाव फेरी फिरले.

एक तक्रार उरली. उजव्या पायाचा तळवा तासाभरात बधिर होतो, बोटं सुन्न. पट्टा ढिला केला की टाच उचलते.

बेलापूरची_बर्फी (रविवार, सकाळी १०:१५)

घोट्याचा पट्टा बुटाच्या पुढच्या भागावर, पंजाच्या उंचवट्यावर बसत असेल. तो घोट्याच्या वळणावर हवा, म्हणजे टाच मागे-खाली दाबली जाते आणि कमी आवळून भागतं. पट्टा ज्या बोल्टवर फिरतो त्याला बहुधा दोन-तीन भोकं असतात, वरच्या किंवा मागच्या भोकात घ्या. शिवाय पट्टा दोन्हीकडून सारखा लांब करा, त्याची गादी मधोमध आली पाहिजे. पुढचा पट्टा बुटाच्या नाकावर टोपीसारखा चढवा, वरून दाबू नका. आणि बुटाच्या आत पायजमा किंवा दोन मोजे कोंबले नाहीत ना? मोजा एकच, पातळ.

खटपट्या (रविवार, सकाळी १०:४०)

पाठीमागचा उंच टेकू किती पुढे कललाय तेही बघा. मागे एक छोटी कळ असते. जुन्या मालकाने ती बरीच पुढे ठेवली असेल तर पोटरी सतत ढकलली जाते आणि माणूस तळव्याने बर्फ पकडू बघतो. शून्यावर आणा, हंगामाच्या शेवटी वाटलं तर एक-एक खाच वाढवा. आणि तळपायाखालची पुढची उतरती पट्टी सरकते. बुटाच्या नाकाखालपर्यंत बाहेर ओढा, बोटांना आधार मिळतो.

दुबईकर_२ (रविवार, सकाळी ११:२०)

एवढी यातायात वाचून वाटतं, ती बिनपट्ट्याची, पाय ठोकला की खट्कन बसणारी बाइंडिंग्ज घ्यावीत सरळ.

खटपट्या (रविवार, सकाळी ११:३५)

बर्टनची २०१७ ला आली, त्यांना बूटही त्याच पद्धतीचे लागतात, म्हणजे खर्च दोन्हीकडून. पट्टे जातात, पण चकती, स्क्रू, कोन आणि मध्य तिथेच राहतात. मोजपट्टी काही सुटत नाही.

शिंतोडे (रविवार, दुपारी १:०५)

सापडलं! दोन मोजे. (आईने पाठवलेले लोकरीचे, आत.) पट्टाही एक भोक वर घेतला, पुढच्या शनिवारी कळेल.

नवऱ्याने आता स्वतःसाठी बोर्ड बघायला घेतलाय, १५९ सेंमीचा. विचारतोय की तो बसवायला कुठलं टेबल वापरायचं, कारण जेवणाच्या टेबलावर बोर्डाच्या कडेने वीतभर लांब ओरखडा पडलाय. तो त्याने आज पाहिला. मी बुधवारी रात्रीच पाहिला होता आणि वर टेबलमॅट ठेवली होती.